उशाशी बसलेल्यांचे प्रश्न

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांमध्ये आजार कोणता, औषध कोणतं, याबद्दल कुणी फारसं विचारलेलं नाही. ते डॉक्टरांनी सांगितलेलं असतं. प्रश्न आहेत ते उरलेल्या तासांबद्दल, जेव्हा डॉक्टर समोर नसतात आणि घरातलं माणूस एकटं उशाशी बसलेलं असतं. उत्तरं घरच्या शुश्रूषेचं प्रशिक्षण देणाऱ्या परिचारिका आणि पॅलिएटिव्ह केअरमधले (गंभीर आजारात वेदना-त्रास हलका करणारे) डॉक्टर यांनी मिळून दिली आहेत. पत्रं थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : सासूबाईंना अर्धांगवायू होऊन चार महिने झाले. हवेची गादी आणली, दिवसातून दोनदा पावडर लावते, तरी माकडहाडापाशी लाल चट्टा आलाय. तो चोळावा का? सगळे म्हणतात, नीट लक्ष दिलं असतंस तर झालं नसतं.

उत्तर : चोळू नका. हाड आणि गादी यांच्यामध्ये चिमटून तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आधीच दुखावलेल्या असतात, चोळल्याने त्या फाटतात. आधी चट्टा बोटाने दोन-तीन सेकंद दाबून बोट उचला. जागा क्षणभर पांढुरकी होऊन पुन्हा लाल झाली, तर रक्त अजून खेळतंय. दाबूनही लालच राहिली, तर ती बेडसोरची, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी. सावळ्या-काळ्या त्वचेवर लाली दिसत नाही. तिथे हाताची पालथी बाजू लावून बघा : शेजारच्या कातडीपेक्षा ती जागा गरम, टणक किंवा पिचपिचीत लागते, रंग जांभळट दिसतो.

मग एकच काम महत्त्वाचं, त्या जागेवरचा भार पूर्ण काढायचा. चट्टा जाईपर्यंत उताणं झोपवणं बंद. दर दोन तासांनी डावी कूस, उजवी कूस, पण पूर्ण कुशीवर करू नका, कारण मग सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो आणि पुढची जखम तिथे होते. खांद्यापासून कमरेपर्यंत पाठीमागे उशी लावून साधारण 30 अंश कलतं ठेवा. उशी लावून झाली की तळहात माकडहाडाखाली सरकवून पाहा. हात अडकता कामा नये. दोन गुडघ्यांच्या मध्ये एक उशी. पोटऱ्यांखाली लांबीच्या बाजूने आणखी एक, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. टाचेखालून कागद आरपार गेला पाहिजे. टाचेकडे घरोघरी दुर्लक्ष होतं आणि तिथली जखम भरायला फार वेळ घेते.

पलंगाची डोक्याकडची बाजू जेवणाची वेळ सोडून 30 अंशांपेक्षा वर ठेवू नका. अर्धवट बसवलेलं माणूस हळूहळू खाली घसरतं. कातडी चादरीला चिकटून राहते आणि आतलं हाड पुढे सरकतं, त्या ताणाने आतल्या आत जखम होते आणि वरून चार दिवस काहीच दिसत नाही. बसवायचंच असेल तर आधी गुडघ्यांकडची बाजू उचला, मग डोकं. वर सरकवताना काखेत हात घालून ओढू नका. खांद्यापासून मांडीपर्यंत पोचेल अशी आडवी चादर कायम अंगाखाली ठेवा आणि दोघांनी ती दोन बाजूंनी उचलून सरकवा.

आता हवेची गादी. ती फुगलेली दिसते म्हणून काम करतेच असं नाही. गादीखाली तळहात वर करून, नेमका माकडहाडाच्या खाली सरकवा. तुमचा हात आणि त्यांचं शरीर यांच्यामध्ये निदान अडीच सेंटिमीटर हवा जाणवली पाहिजे. हाड हाताला लागलं तर दाब कमी आहे. पंपावर वजनाची खूण असते, ती सासूबाईंच्या आताच्या वजनावर हवी. चार महिन्यांत वजन उतरलेलं असतं आणि खूण जुनीच राहते. वर एकच चादर. रबरी शीट, त्यावर दुहेरी चादर, त्यावर घडी केलेली गोधडी, असा थर चढला की गादीचा उपयोग संपला. मधे भोक असलेली गोल उशी टाळा, तिच्या कडेचा दाब गोलाकार बसून मधल्या भागाचंच रक्त तुटतं. पावडरही बंद करा. घामात तिचे खडे होतात आणि ते घासतात. त्याऐवजी लघवी-शौचानंतर साध्या पाण्याने किंवा सौम्य साबणाने पुसून, टिपून कोरडं करून, ओलावा अडवणाऱ्या मलमाचा पातळ थर लावा.

कातडी उघडली तर सलाइनने धुऊन परिचारिकेकडून ड्रेसिंग शिकून घ्या. स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड जखमेत घालू नका. जखम भरू पाहणाऱ्या नव्या पेशी त्यात मरतात. काळी पडलेली जागा, दुर्गंधी, ताप, भोवती पसरत जाणारी लाली यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. जखम भरायला प्रथिनं लागतात, दर किलो वजनामागे रोज साधारण 1.25 ते 1.5 ग्रॅम. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

आणि जे ‘लक्ष दिलं असतंस तर’ म्हणतात त्यांना एक हिशेब दाखवा. दर दोन तासांनी म्हणजे दिवसरात्र मिळून बारा वेळा कूस. त्यातल्या चार रात्रीच्या झोपेत. एक माणूस हे आठवडाभर करू शकतं, चार महिने नाही. चट्टा गेल्यावर, गादी नीट चालत असेल आणि कातडी चांगली असेल, तर रात्रीचं अंतर चार तासांपर्यंत वाढवता येतं का हे परिचारिकेला कातडी दाखवून ठरवा. तोपर्यंत रात्रीची एक तरी पाळी त्या म्हणणाऱ्यांपैकी कुणाला तरी द्या.

प्रश्न : वडिलांना जेवणासाठी नाकातून नळी आहे. ती पोटात आहे ना हे बघायला पोटावर स्टेथोस्कोप ठेवून हवा सोडायची आणि आवाज ऐकायचा, असं आम्हाला शिकवलं. दोनदा नळी चोंदली. गोळ्या सगळ्या एकत्र कुटून देतो.

उत्तर : हवेच्या आवाजावर विसंबू नका. नळीचं टोक अन्ननलिकेत किंवा श्वासमार्गात असलं तरी तसाच गुडगुड आवाज पोटावर ऐकू येऊ शकतो. वाटीतल्या पाण्यात टोक बुडवून बुडबुडे बघण्याची पद्धतही तितकीच फसवी.

नळी बसवली त्या दिवशी नाकपुडीशी पेनाने खूण करून घ्या आणि बाहेर किती सेंटिमीटर आहे ते वहीत लिहा. प्रत्येक वेळी आधी ही खूण पाहायची. मग तोंड उघडून घशात वेटोळं झालं नाही ना ते पाहायचं. मग सिरिंजने थोडा द्रव ओढून पीएच पट्टीवर (आम्लता दाखवणाऱ्या कागदावर) टाकायचा : 5.5 किंवा त्याहून कमी आला तर टोक पोटात आहे. हे आधीच्या फीडनंतर, म्हणजे नळीतून दिलेल्या पातळ अन्नानंतर, तासाभराने करा. आम्लपित्ताची गोळी चालू असेल तर आकडा वर जाऊ शकतो, म्हणून त्यांचा नेहमीचा आकडा किती हे लक्षात ठेवा. खूण सरकली किंवा पट्टी साथ देत नसेल तर फीड थांबवा. शंका एक्स-रेनेच फिटते. एक फीड चुकल्याने फारसं बिघडत नाही, फुप्फुसात गेलेलं फीड मात्र न्यूमोनिया करतं.

देताना पाठ निदान 30 ते 45 अंश वर. 50 मिलीची सिरिंज दट्ट्या काढून नळीला लावा, आधी 30 मिली पाणी, मग 200 ते 250 मिली फीड आपल्या वजनाने उतरू द्या. पंधरा-वीस मिनिटं लागली पाहिजेत. घाई झाली तर सिरिंज वर धरण्याचा मोह होतो, त्याने उलटी होते. सिरिंज पूर्ण रिकामी व्हायच्या आत नळी चिमटा, नाहीतर हवा आत जाऊन पोट फुगतं. शेवटी पुन्हा 30 मिली पाणी. त्यानंतर अर्धा ते एक तास तसंच बसलेलं ठेवा. डायपर बदलणं, कूस वळवणं हे सगळं फीडच्या आधी उरकून घ्या. मधेच ठसका, धाप, ओठ निळसर असं काही दिसलं तर तिथल्या तिथे बंद करून कुशीवर वळवा.

चोंदण्याचं कारण बहुतेक तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. एकत्र कुटलेल्या गोळ्यांचा गाळ एकमेकांत आणि फीडमध्ये घट्ट बसतो. प्रत्येक गोळी वेगळी, पिठासारखी बारीक, 10 ते 15 मिली पाण्यात विरघळवून द्या. दोन औषधांच्या मध्ये 10 मिली पाणी. फीडमध्ये औषध मिसळू नका. आणि सगळ्या गोळ्या कुटायच्या नसतात. नावापुढे एसआर, एक्सआर, सीआर अशी अक्षरं असतील, तर ती गोळी दिवसभर हळूहळू विरघळायला बनवलेली असते. कुटली की दिवसाचा डोस एकदम अंगात जातो. पोटाऐवजी आतड्यात विरघळणाऱ्या आवरणाच्या गोळ्याही कुटायच्या नाहीत. औषधवाल्यासमोर सगळी यादी ठेवून, कोणती कुटायची नाही आणि कोणती द्रव रूपात मिळते, ते विचारून घ्या.

तरीही चोंदलीच तर मोठ्या, 50 मिलीच्या सिरिंजने कोमट पाणी हलकेच आत ढकला, ओढा, परत ढकला. दाद दिली नाही तर पाणी आत ठेवून पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि पुन्हा करा. छोटी सिरिंज वापरू नका. तिचा दाब फार जास्त असतो, नळी फुटते. तार घालायची नाही. आणि नळी निघून आली तर ती परत सारायचा प्रयत्न घरी करायचा नाही.

तोंडाने काही जात नाही म्हणून तोंड विसरू नका. मऊ ब्रशने दिवसातून दोनदा दात, जीभ, गालांच्या आतली बाजू. तोंडातले जंतू थुंकीबरोबर खाली उतरूनही न्यूमोनिया होतो. नाकावरची चिकटपट्टी रोज बदला, दर वेळी जागा थोडी हलवून.

प्रश्न : आईला कॅन्सर आहे, वेदना असह्य आहेत. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या. मामा म्हणतात, मॉर्फिन सुरू केलं म्हणजे संपलं, शिवाय सवय लागते. आई दुखणं सहन करून डोस टाळते.

उत्तर : मॉर्फिनचा डोस वेदनेवर ठरतो, आजार कुठवर आला यावर नाही. कित्येक जण ते महिनोन्‌महिने घेतात आणि त्यावर हिंडतात-फिरतात. जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या वेदनेसाठी पायऱ्यापायऱ्यांची पद्धत 1986 साली मांडली. तिचा गाभा दोन गोष्टींत आहे : शक्यतो तोंडाने आणि घड्याळाप्रमाणे. साध्या मॉर्फिनचा असर साधारण चार तास टिकतो. दुखायला लागल्यावर गोळी घेतली की वेदना पुढे आणि औषध मागे अशी शर्यत लागते आणि शेवटी डोस जास्तच लागतो. म्हणून आईंचं टाळणं उलटं महागात पडतंय. रात्री मधे उठवायला लागू नये म्हणून झोपतानाचा डोस कसा द्यायचा, ते डॉक्टरांना विचारून घ्या. मधेच वेदना उसळली तर घ्यायच्या जादा डोसचाही आकडा लिहून घ्या. तो सहसा दिवसाच्या एकूण मात्रेच्या सहाव्या हिश्श्याएवढा किंवा त्याहून कमी असतो. शिवाय दिवसात तो किती वेळा चालेल, हेही विचारा.

शरीराला औषधाची सवय होते, ते खरं. म्हणून ते अचानक बंद करायचं नसतं, उतरवत आणायचं. व्यसन ही वेगळी गोष्ट आहे, त्यात औषधामागे वेड्यासारखं धावणं असतं. वेदनेसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरल्याप्रमाणे घेणाऱ्यांत ते क्वचित दिसतं.

खरी अडचण मामांच्या लक्षातच आली नाही. ती आहे बद्धकोष्ठाची. मळमळ आठवड्याभरात ओसरते, गुंगी दोन-तीन दिवसांत कमी होते, पण शौचाला न होणं शेवटपर्यंत राहतं. म्हणून मॉर्फिनच्या पहिल्या गोळीबरोबर पोट साफ होण्याचं औषधही त्याच दिवसापासून सुरू व्हायला हवं. चिठ्ठीवर ते नसेल तर आजच विचारा. तीन दिवस शौच नसेल तर कळवा. वहीत चारच रकाने पुरतात : वेळ, डोस, 0 ते 10 मध्ये वेदना किती, शौच झालं का.

हाक मारून, हलवूनही जाग येत नाही, श्वास मिनिटाला आठच्या खाली गेलाय, अशी स्थिती असेल तर पुढचा डोस न देता तातडीने डॉक्टरांना गाठा. हातपाय मधूनच झटकणं, नसलेली माणसं दिसणं हेही लगेच सांगा, मूत्रपिंड थकलं की औषध अंगात साठतं. गोळ्या कुलपात आणि मोजून ठेवा.

प्रश्न : दादा परदेशी असतो. दर रविवारी व्हिडिओ कॉल करून मला सूचना देतो. गेल्या महिन्यात आला आणि चार दिवसांत डॉक्टर बदलायला निघाला. मी तीन वर्षं नोकरी सोडून बाबांचं करतेय.

उत्तर : लांबून येऊन ‘सगळं करून पाहा’ असा हट्ट धरणाऱ्या नातेवाइकाला वैद्यकीय लेखनात एक टोपणनावच आहे, ‘कॅलिफोर्नियाची लेक’. 1991 साली वृद्धांच्या वैद्यकाला वाहिलेल्या एका नियतकालिकात ते आलं. कॅलिफोर्नियातली माणसं त्याच नातेवाइकाला दुसऱ्या राज्याचं नाव देतात म्हणे. म्हणजे दादा काही जगावेगळे नाहीत. आपण नव्हतो ही टोचणी आणि शेवटची भेट आठवत असल्याने बसलेला धक्का, दोन्ही मिळून तो जोर येतो. हे समजून घ्या, पण भार त्यांच्यावर टाकूनही बघा. दोन्ही एकत्र करता येतं.

‘मला मदत कर’ असं म्हणू नका. त्याला ‘हो, सांग ना’ एवढंच उत्तर येतं. एक आठवडा वही ठेवा आणि कामं मिनिटांत लिहा. तुमच्यासारख्या घरात साधारण असं निघतं : सहा फीड, प्रत्येकी अर्धा तास, तीन तास. बारा वेळा कूस, दर वेळी दहा मिनिटं, दोन तास. पुसून घेणं, कपडे, एक तास. पाच वेळा डायपर, सव्वा तास. औषधं, पाऊण तास. बेरीज आठ तास, आणि यात धुणं, स्वयंपाक, रात्रीची झोपमोड धरलेलीच नाही. हा कागद दादांना पाठवा. भावनांवर वाद घालता येतो, बेरजेवर फारसा नाही.

मग लांबून होणारी कामं नावानिशी त्यांच्याकडे सोपवा : औषधं संपायच्या दहा दिवस आधी मागवणं, विम्याचे कागद, बिलं, तपासण्यांच्या तारखा, ठरावीक तासांच्या पगारी मदतनिसाचा खर्च. शिवाय वर्षातून दोनदा दहा दिवस त्यांनी येऊन राहायचं आणि त्या दिवसांत तुम्ही घराबाहेर. घरातच राहिलात तर सुट्टी नाही, दादांना मदतनीस मिळाल्यासारखं होईल. ते आले की पहिला दिवस तुम्ही काहीच न करता फक्त दाखवा, दुसरा दिवस त्यांनी करावा. सूचना आपोआप कमी होतात.

डॉक्टरांशी एकानेच बोलायचं ठरवा. मोठा निर्णय असेल तेव्हा दोघं एकाच कॉलवर राहा आणि कॉल संपताच ठरलेलं लिहून दोघांना पाठवा. निम्मी भांडणं ‘मला असं सांगितलं नव्हतं’ यातून उभी राहतात.

प्रश्न : नवऱ्याचा आजार पाच वर्षांचा. परवा रात्री चौथ्यांदा हाक मारली तेव्हा मी त्यांचा हात झटकला. मनात आलं, सुटले तर बरं. तेव्हापासून स्वतःच्या तोंडाकडे बघवत नाही.

उत्तर : शुश्रूषा करणाऱ्याचा भार मोजायची एक प्रश्नावली 1980 पासून वापरात आहे, झारिट या संशोधकांची. आजच्या रूपात तिच्यात 22 प्रश्न आहेत, प्रत्येकाला 0 ते 4 गुण. आजारी माणसाजवळ असताना राग येतो का, हा त्यातला सरळसरळ एक प्रश्न. हे कुणी तरी दुसऱ्यावर सोपवून द्यावंसं वाटतं का, हा दुसरा. इतक्या लोकांना हे वाटतं की ते विचारण्याचा रिवाज पडलाय. ‘सुटले तर बरं’ यात बहुतेक वेळा ‘हा त्रास सुटावा’ असंच असतं, त्यांचा आणि तुमचाही. पाच वर्षांत ते हळूहळू हरवत गेले असतील तर ते असतानाच तुमचं रडून होतंय, हेही त्यात आलं.

पण झटकलेल्या हाताकडे वेगळं बघू या. चौथी हाक. म्हणजे आधी तीन वेळा उठलात. तुकड्यातुकड्यांची सात तास झोप आणि सलग पाच तास झोप यांत दुसरी जास्त कामाची. आठवड्यातल्या दोन रात्री दुसऱ्या कुणाकडे द्या, घरातलं किंवा पगारी. त्या रात्री दुसऱ्या खोलीत, दार लावून. ‘मी इथेच पडते, लागलं तर उठव’ हा सौदा करू नका, तुमची झोप कान उघडे ठेवूनच लागेल. हाका कशासाठी येतात ते तीन रात्री लिहा. लघवी असेल तर हाताशी भांडं किंवा युरिनल, संध्याकाळी सहानंतर पाणी थोडं कमी, आणि लघवी वाढवणारी गोळी सकाळी हलवता येते का ते डॉक्टरांना विचारणं. वेदना असेल तर झोपतानाचा डोस. भीती असेल तर मंद दिवा. तीन रात्रींच्या नोंदींतून चारपैकी दोन हाका बहुतेक मिटतात.

पुन्हा हात उचलावासा वाटला तर : पलंगाचे कठडे वर, ते सुरक्षित आहेत एवढं पाहायचं, आणि खोलीबाहेर दहा मिनिटं. त्यांना हाका मारू द्या. आणि मारलं, ढकललं, मुद्दाम उपाशी ठेवलं असं कधी झालं तर ते मनात ठेवू नका, त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. ती व्यवस्था मोडली आहे, ती बदलायलाच हवी. संधी असूनही दोन आठवडे झोप येत नाही, कशातच जीव रमत नाही, किंवा दोघांचंही संपवावं असं मनात येतं, तर तुमच्या स्वतःच्या डॉक्टरांकडे आजच जा. बीपी, शुगरच्या तुमच्या गोळ्या त्यांच्या गोळ्यांच्याच डबीशेजारी ठेवा. चुकतात त्या तुमच्या, त्यांच्या नाही.

प्रश्न : आजीला थोडा विसरभोळेपणा होता, पण दोन दिवसांपासून एकदम बरळते, रात्री उठून पळते, सकाळी मात्र जरा शुद्धीवर. वयामुळे असेल?

उत्तर : नाही, हे पत्राने विचारण्याजोगं नाही, आज डॉक्टरांना दाखवा. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांनी वाढतो. दोन दिवसांत आलेला आणि तासातासाला कमी-जास्त होणारा गोंधळ म्हणजे डिलिरियम, आणि त्याला बहुधा कारण सापडतं : लघवीचा संसर्ग, लघवी तुंबणं, शौच न होणं, पाणी कमी पडणं, न सांगता येणारी वेदना, पडून डोक्याला लागणं, किंवा नवं औषध. झोपेसाठी म्हणून दिलेली ॲलर्जीची गोळी तर हमखास बिघडवते. दवाखान्यात जाताना गेल्या दोन आठवड्यांत सुरू किंवा बंद केलेल्या औषधांची यादी न्या. तोपर्यंत चष्मा आणि कानाचं यंत्र लावलेलं ठेवा, दिवसा उजेड, रात्री मंद दिवा, समोर घड्याळ. वाद घालू नका आणि बांधून ठेवू नका.

प्रश्न : सासऱ्यांना पलंगावरून खुर्चीत बसवताना माझी कंबर गेली. ते माझ्या गळ्यात हात टाकतात.

उत्तर : गळ्यात हात टाकू देणं आधी थांबवा. त्यांचे पाय लटपटले की सगळा भार तुमच्या मानेवर लटकतो. त्यांचे हात तुमच्या कमरेशी किंवा पलंगाच्या काठावर. त्यांच्या कमरेला रुंद, पकडायला जागा असलेला पट्टा बांधा आणि पकड त्याची घ्या, काखेची नाही. अर्धांगवायू असेल तर लुळा हात ओढून उठवल्याने खांदा निखळतो, हे विसरू नका.

खुर्ची त्यांच्या चांगल्या बाजूला, पलंगाला किंचित तिरकी लावा. चाकं असतील तर ब्रेक, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला. त्यांना काठावर पुढे सरकवा, पावलं गुडघ्यांच्या जरा मागे. इथेच बहुतेक लोक चुकतात : पावलं पुढे असली तर माणूस उठूच शकत नाही, तुम्हाला उचलावं लागतं. ‘नाक पायाच्या बोटांच्या पुढे’ असं वाकायला सांगा. तीन म्हणताना उठायचं. तुम्ही पाठ सरळ, गुडघे वाकवून, तुमच्या गुडघ्याने त्यांच्या कमजोर गुडघ्याला आधार. मग कंबर न पिळता पावलं टाकत वळायचं. पडायला लागले तर झेलू नका. अंगालगत घेऊन, तुमच्या मांडीवरून हळूहळू जमिनीवर उतरवा. जमिनीवरून उचलायला माणसं बोलावता येतात. त्यांना पायावर अजिबात भार घेता येत नसेल, तर हे एकट्याचं काम राहिलं नाही. तिथे दोन माणसं किंवा उचलायचं यंत्र लागतंच.

प्रश्न : डॉक्टर म्हणाले, आता थोडे दिवस. आईने खाणं सोडलंय. भरवलं तर तोंड फिरवते. सलाइन लावून घ्यावं का? रात्री काही झालं तर काय करायचं?

उत्तर : त्यांनी खाणं सोडलं म्हणून त्या जात आहेत असं नाही. शरीर थांबत चाललंय, म्हणून भूक गेली. या टप्प्यावर बळे भरवलेलं पोटात जाण्याऐवजी श्वासमार्गात जातं. तोंड फिरवणं हे उत्तर आहे असं समजा. आवडीचं काही जिभेला लावण्यापुरतं चालेल, मागितलं तर आणि पूर्ण जाग असेल तर. सलाइनने कोरडं तोंड ओलं होत नाही. शेवटच्या दिवसांत त्या पाण्याचा निचरा होत नाही, ते पायांत सूज आणि छातीत घरघर होऊन बसतं. काही वेळा डॉक्टर थोडं सलाइन सुचवतात, त्यामागचं कारण विचारा.

कोरडेपणावर उपाय तोंडात आहे. पाण्यात बुडवून पिळलेला मऊ बोळा, दर तास-दोन तासांनी ओठ, हिरड्या, जिभेवरून फिरवा. ओठांना मलम लावताना ऑक्सिजन चालू असेल तर पेट्रोलियम जेली टाळा, ती पेट घेऊ शकते. पाण्यावर आधारलेलं मलम घ्या.

पुढे काय दिसेल ते आधी माहीत असलेलं बरं. झोप वाढत जाते. लघवी कमी आणि गडद. हातपाय गार, गुडघ्यांवर-पावलांवर जांभळट जाळी. श्वास जलद, मग उथळ, मग दहा-वीस सेकंद थांबणारा, मग परत सुरू होणारा. त्या थांबण्यात उशाशी बसलेल्याचा श्वास अडकतो. घशात घरघर येते, कारण थुंकी गिळली जात नाही. ऐकणाऱ्याला ती भयंकर वाटते, बेशुद्ध माणसाला बहुतेक त्याचा त्रास होत नसतो. कुशीवर वळवा, डोकं थोडं उंच करा. घशात खोल सक्शन (थुंकी ओढून काढणारी नळी) घालू नका. कपाळावर आठ्या, कण्हणं, हात आवळणं ही मात्र वेदनेची खूण, तिला औषध द्यायचं. बोलणं ऐकू येतंय असं धरूनच बोला, आणि ऐकू नये ते खोलीबाहेर.

आजच डॉक्टरांना चार गोष्टी विचारून कागदावर लिहून घ्या. कोलेस्टेरॉल, जीवनसत्त्वं अशा कोणत्या गोळ्या आता बंद करायच्या. गिळता आलं नाही तर वेदनेचं औषध जिभेखाली, गुदद्वारातून की कातडीखालच्या सुईतून द्यायचं. घरघर, धाप किंवा तळमळ यासाठी घरात आधीच कोणती औषधं आणून ठेवायची. आणि रात्री दोन वाजता फोन कुणाला करायचा. रुग्णवाहिका बोलावली तर त्यांचं काम जीव वाचवायची धडपड करणं हेच असतं. आईंना ते नको असेल तर हे आधी बोलून, डॉक्टरांकडून लिहून घेऊन, कागद हाताशी ठेवा.

शेवटचा श्वास गेल्यावर लगेच काहीच करावं लागत नाही. घड्याळात वेळ पाहून लिहा. हात धरून बसायचं असेल तर बसा. मृत्यूचा दाखला देणाऱ्या डॉक्टरांचा नंबर त्याच कागदाच्या वरच्या कोपऱ्यात, मोठ्या अक्षरात लिहिलेला असू द्या. त्या वेळी बारीक अक्षर दिसत नाही.